दहा गच्च्यांचं ऊन

२ फेब्रुवारी, रविवार
करिष्मानं ही डायरी देली. तिच्या कंपनीची आहे, वर सूर्याचं चित्र. म्हणे आजी, तू दिवसभर बोलत राहतेस, ऐकाले कोणी नसलं तं हिच्यात बोलत जा. मी साक्षरतेच्या वर्गात शिकली तेवढीच शिकली. पण सही येते, मोबाइलवरचे मेसेज वाचता येतात. डायरीले याच्याहून जास्त काय लागते? कोणी वाचणार नाही, म्हणून अक्षराची लाज नाही.

करिष्मा म्हणजे माही नात, नरेशची पोरगी. घरावर सोलर लावणाऱ्या कंपनीत लागली, सुपेल्याले ऑफिस आहे. अजून पक्की नाही. तिचं काम असं का एका लाइनीतली घरं जमवून द्याची. दहा घरं एकदम घेतील तं कंपनी भाव कमी करते, सबसिडीचे कागदही तेच करतात. पहिला ग्रुप नीट पार पडला का नोकरी पक्की. पण पोट्टी लाजाळू. दार वाजवते अन् कोणी उघडलं का सॉरी म्हणते. अशानं दहा घरं होतात का, बाप्पा?

मी म्हटलं, तू बस घरी. मी आणते.

५ फेब्रुवारी
शेजारची पंचफुला पहिल्याच चहात तयार झाली. मग भय्याजी. ते रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर, लाइनीतल्या सगळ्या गोष्टीत लाल झेंडी यांचीच. सगळ्याइच्या समोर म्हणे, तुळसाबाई, बिल कमी होईन म्हणून सांगत फिरता, युनिट म्हणजे काय हे तुमाले माहीत आहे का?

लाज वाटली. पण थांबली नाही. म्हटलं, भय्याजी, गार्डानं झेंडी दाखवाची, इंजिनाच्या पोटात काय आहे हे त्याले कोण पुसते! सगळे हसले. भय्याजीनं पण नाव देलं.

युनिट म्हणजे काय, ते करिष्माले एकटीले पाहून विचाराचं.

१६ फेब्रुवारी
दहा झाले! आमच्या वैशाली नगरातली ही एकच लाइन असन का सगळे एका गोष्टीवर हो म्हणाले. मोबाइलवर ग्रुप काढला. मी अध्यक्ष. तसं कोणी ठरवलं नाही, पण मी स्वतः लिहून टाकलं अन् कोणी नाही म्हटलं नाही. करिष्मानं मले पकडून गिरकी घेतली. एवढी मोठी पोरगी, अजून लहानच आहे. सून सुनिता म्हणे, आई, कंबर सांभाळा. मी म्हटलं, कंबर गेली खड्ड्यात.

युनिटचं विचाराचं राहिलं.

७ मार्च
माणसं पॅनल लावून राहिली. त्याइचं म्हणणं, लोखंडाचे उंच खांब टाकू, खालून चालता येईन, गच्ची मोकळी राहीन. मी नाही म्हटलं. आपल्या भिलाईत सकाळी पुसलेलं संध्याकाळी लाल. स्टील प्लांटची धूळ काय मले शिकवाची आहे? काच धुवाले हात पोचला पाहिजे. खालीच लावा, कमरेएवढं. मिस्त्री म्हणे, अम्मा, बाद में मत बोलना. मी म्हटलं, मी बादमध्ये बोलत नाही, आधीच बोलते.

मी म्हटलं म्हणून बाकीच्या नऊही घरांनी खालीच लावून घेतलं. एकसारखं दिसते. दुरून पाहिलं का वाटते पलटण बसली आहे.

११ मार्च
करिष्मानं मोबाइलवर दाखवलं. सकाळपासून रेघ चढत जाते, दुपारी शेंडा, मग उतरते. पहाड काढल्यासारखं. म्हणे आजी, देखो, इतकी बिजली आपल्या छतानं बनवली. मले रडू आलं. आमचे हे असते तं म्हणाले असते, तुळसे, तू घरातही प्लांट टाकला. प्लांटच्या रेल मिलमध्ये जन्म गेला बिचाऱ्याचा.

साहेबानं करिष्माले ऑफिसात शाबासकी देली. आता पक्की होईनच.

१७ मार्च
बायका फुगल्या आहेत. कुरोड्या-पापडाचा मोसम आला, गहू भिजत पडले, अन् गच्चीवर ऊन उरलं नाही. उन्हाच्या जागेवर पॅनल, उरलेल्या जागेवर टाकीची सावली. पंचफुला म्हणे, तुमच्या नादानं वर्षाचं वाळवण गेलं. मुलगी बाळंतपणाले येऊन राहिली, तिच्यापुढं काय तळू, पॅनल?

हे लागलं मले. खांब खाली मीच लावाले सांगितले होते. उंच असते तं... पण त्याचा आता काय उपयोग. अध्यक्षानं रडाचं नसते, रस्ता काढाचा असते.

१९ मार्च
रस्ता निघाला!

सकाळी काच धुवाले गेली. हात लावला तं चटका. एवढी साफ, एवढी तापलेली, तिरपी का पाणी निथळून जावं. बाई, हे तं कुरोड्यासाठीच बनवलं आहे! जुनं धोतर अंथरलं, चीक शिजवला होता, सोऱ्यानं पाडल्या एकेक. दुपारी खडखडीत. खाली फरशीवर दोन दिवस लागत.

विजेचं काय? विचार केला मी. कुरोडीले लागून लागून ऊन किती लागन? बाकीचं काचेलेच जाते ना. अन् धोतर विरलेलं, आरपार दिसते. एका उन्हात दोन कामं. कंपनीच्या शिकलेल्या लोकाइले हे सुचलं नाही.

२१ मार्च
सगळ्या घराइले शिकवलं. एकेकीच्या गच्चीवर जाऊन दाखवलं धोतर कसं ताणाचं, कोपऱ्यावर विटा कशा ठेवाच्या. पंचफुला म्हणे, तुळसाबाई, तुमी शिकल्या असत्या तं कलेक्टर झाल्या असत्या. मी म्हटलं, सोड. पण गोष्ट खरी आहे.

२३ मार्च, रविवार
रविवारी करिष्मा लाइनीतल्या गच्च्या पाहत फिरते. आज आमच्याच गच्चीपासून सुरुवात केली. धोतर अजून होतं. पोट्टीचं तोंड उतरलं. म्हणे आजी, प्लीज, ऊपर कुछ मत रखना हां. जरासंबी झाकलं तं पॅनलचा पूरा लाइन बैठ जाता है. म्हटलं, नाही ठेवत माय.

आता मी ठेवलं कुठं? ठेवणं म्हणजे बादली ठेवणं, पाटा ठेवणं. वाळू घातलेलं संध्याकाळी उचललं जाते. ते येणं-जाणं झालं.

तरी तिच्या जिवाले घोर नको. बायकाइले सांगितलं, रविवारी घालाचं नाही, पोरगी येते पाहाले. बाकीचे सहा दिवस आपले.

६ एप्रिल, रविवार
करिष्मानं पुन्हा विचारलं. आजी, तू वर काही सुकवत तं नाहीस ना? पाय दाबून देता देता विचारलं, म्हणून सरळ डोळ्यात पाहावं लागलं नाही. म्हटलं, आता कुठं, झालं सगळं. खोटं नाही, गव्हाच्या झाल्या होत्या. तांदळाच्या राहिल्या होत्या.

थोडं कसंतरी वाटलं. उद्या पंचफुलाच्या पापडाचं पाहून टाकते, मग बंदच.

१४ एप्रिल
जयंती. विहारासमोर माइक मिळाला. पाचच मिनिटं बोलाचं होतं. बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हटलं, आमी दहा गच्च्या संघटित केल्या, असं बोलली. टाळ्या पडल्या. मरोद्याहून आलेल्या बायका म्हणाल्या, आमच्याकडं पण या समजावाले. करिष्मा मागं उभी राहून हसत होती. आपल्या माणसाले असं हसताना पाहिलं का आयुष्य वसूल.

भय्याजी तेवढ्यात कानाशी येऊन म्हणे, अध्यक्षाबाई, बिल पाहिलं का?

१६ एप्रिल
बिल पाहिलं. कमी नाही झालं. म्हणजे झालं, पण असं का माइकवरून सांगता येणार नाही. दहाही घरांचं तेच. ग्रुपवर भय्याजीनं सगळ्याइचे बिलं टाकले अन् खाली हात जोडल्याचं चित्र. मी मोबाइल उलटा ठेवून देला.

२२ एप्रिल
मी मोबाइलवर पहाड पाहून राहिली. पहाड कुठं, उंदरानं कुरतडल्यासारखं आहे. सकाळी चढते अन् नऊ वाजले का धप्प. पण रविवारी? रविवारी पहाड पुरा!

दोन दिवस डोकं लावलं. मग उजेड पडला. रविवारी कंपनीचं ऑफिस बंद राहते. सहा दिवस आमची वीज ते तारेतून ओढून त्याइच्या ऑफिसात वापरतात. त्याइचे ए.सी. कशावर चालतात एवढे थंडगार? रविवारी ओढणारा कोणी नसते, म्हणून आमाले पुरी मिळते.

पंचफुलाले सांगितलं. तिनं बोटावर वार मोजले. मग म्हणे, रविवारी आपण कुरोड्या पण... मी म्हटलं, पंचफुला, तू मधात बोलू नको.

२ मे
गेली ऑफिसात. सोबत पाच बायका नेल्या. करिष्माले आधी सांगितलं नाही, तिले कंपनीच फसवून राहिली, तिले काय सांगाचं. साहेबाले सरळ म्हटलं, सहा दिवस आमची बिजली कौन खाता है? अख्खं ऑफिस उठून पाहाले लागलं. साहेब म्हणे, अम्मा, बैठिए. मी म्हटलं, बैठेंगे नहीं. मग बसली, पाय दुखत होते.

साहेबानं करिष्माले बोलावलं. तिचे कान लाल झाले होते. म्हणे, सर, मैं देखती हूँ. लिहून देते कारण. साहेब म्हणे, ग्रुप तुम्हारा है, रिपोर्ट कल चाहिए.

बायका बाहेर आल्यावर म्हणाल्या, काय बोलल्या तुळसाबाई! मले वाटलं करिष्मालेही बरं वाटलं असन. आजी पाठीशी आहे म्हणून.

४ मे, रविवार
करिष्मा जेवली नाही. सुनिता म्हणे, आई, ऑफिसातून तिची नोकरी पक्की कराचं थांबवलं. पहिल्याच ग्रुपची तक्रार, अन् तक्रार कराले घरचीच माणसं. पोरीनं रिपोर्टमध्ये लिहून देलं का प्लांटची धूळ बसते म्हणून वीज कमी. साहेबाले पटलं नाही. आता रायपूरहून मोठी इंजिनियर येणार.

येऊ दे. इंजिनियर बाई स्वतःच्या डोळ्यानं पाहीन तं दूध का दूध होईन. करिष्मा निर्दोष सुटन.

दूध म्हटलं अन् मले एकदम चिकाचा पांढरा डाग आठवला, काचेवर राहते तो. घासला तरी जात नाही. कावून आठवला कोणास ठाऊक.

९ मे, शुक्रवार
काय लिहू.

इंजिनियर रविवारी येईन असं मी धरून बसली होती. ती आज आली. भर दुपारी, न सांगता. रश्मी मॅडम नाव. करिष्मा सोबत, साहेब सोबत. मी गच्चीवर, हातात सोऱ्या.

आमच्या गच्चीवरून बाकीच्या नऊ गच्च्या दिसतात. मॅडमनं सगळीकडं पाहिलं. सगळीकडं धोतरं, लुगडी, अन् त्याच्यावर पांढरी वेटोळी. पंचफुलाकडं तं उडदाचे पापडही. मॅडमनं आमचं धोतर एका कोपऱ्यानं उचललं, खाली काचेवर मागच्या महिन्याचे गोल गोल डाग. म्हणे, ये क्या है? साहेबानं बोट लावून चाटलं. म्हणे, नमक ज़्यादा है.

मग मॅडमनं विचारलं, ये किसने बताया आप लोगों को?

लाइनीतल्या सगळ्या बायका आपापल्या गच्चीवर उभ्या. सगळ्याइनं माह्याकडं पाहिलं. एकीनंही नाव घेतलं नाही. मी माइकवर पाच मिनिटं बोलणारी, ऑफिसात साहेबाले उभं करणारी. मी सोऱ्याच्या जाळीतून चीक काढत राहिली.

मॅडमनं करिष्माले विचारलं, तुम्हें पता था? करिष्मानं माह्याकडं पाहिलं नाही. म्हणे, नहीं मैडम. मुझे नहीं पता था.

१० मे
करिष्मा म्हणे, झालं आजी, टेन्शन नको घेऊ. मॅडमनं लिहिलं का लोकाइले माहिती नव्हती, कोणाची चूक नाही. डाग धुऊन द्याचे अन् प्रत्येक घरी समजावून सांगाचं. साहेब म्हणे, सोमवार-मंगळवारपर्यंत पक्कीचं पत्र काढतो.

मग तं सगळं ठीकच झालं. मीही फार मनाले लावून घेणार नाही.

ग्रुपवर भय्याजीनं लिहिलं, आजपासून बिजली कुरोडी खात नाही. मी ग्रुपमधून निघाली. मग पुन्हा आत आली, अध्यक्षानं निघाचं नसते. पण आपल्याले आत घ्याले कोणाले तरी फोन करावा लागते हे माहीत नव्हतं. भय्याजीलेच करावा लागला.

१२ मे
पौर्णिमा. विहारात पंचशील म्हणत होती. चौथं शील आलं, मुसावादा, खोटं बोलणार नाही. आवाज बसला. शेजारी करिष्मा, ती पण तिथंच गप्प झाली. दोघीही पुढच्या ओळीवर पुन्हा सुरू झालो. तिनं माह्यासाठी खोटं बोललं, अन् मी ऐकत उभी राहिली.

बाहेर सुनितानं अजून एक सांगितलं. ऑफिसातले पोरं करिष्माले हसतात. म्हणतात, हर हफ्ते छत पे घूमती थी, अन् कुरोडी नाही दिसली! अंधी है क्या? माह्या नातीले अंधी म्हणतात. ज्या पोट्टीनं धोतराचा कोपरा पाहून ओळखलं, तिले!

हे मी चालू देणार नाही. तोंड त्या दिवशी उघडलं नाही, उद्या उघडीन. पहिल्यांदा जे खरं आहे तेच बोलीन.

१३ मे
गेली. एकटीच. बायका नको म्हटलं, ही माही गोष्ट आहे.

साहेबाच्या काचेच्या खोलीत उभी राहूनच बोलली. म्हटलं, साहेब, कुरोड्या माह्या अकलेनं झाल्या. खांब मी खाली लावाले सांगितले. धोतर मी अंथरलं, लाइनीले मी शिकवलं. लाज वाटते पण सांगते. पोरीची काही चूक नाही. बोलून छातीवरचा दगड उतरला. साहेब चांगला माणूस. खुर्ची देली, चहा मागवला. म्हणे, अम्मा, कोई बात नहीं, बेचारी लड़की को भी मालूम नहीं था.

इथंच मी उठून उभी राहिली. म्हटलं, मालूम कैसे नहीं था! अंधी नाही ती. हुशार आहे. दोनदा बोलली मले. होळीच्या नंतर पहिल्यांदा, धोतर डोळ्यानं पाहिलं तिनं. मग पाय दाबता दाबता दुसऱ्यांदा. सगळं समजून होती ती. मीच ऐकलं नाही.

साहेबानं चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा विचारलं, पक्का, होली के बाद बोली थी? मी म्हटलं, पक्का. तिनं काय काय म्हटलं तेही सांगितलं, जरासंबी झाकलं तं लाइन बसते, ते. बाहेर करिष्मा उभी होती. काचेतून मले मान हलवून राहिली होती, नाही नाही करत. मले वाटलं, पोरगी लाजाळू, कौतुक झालेलं आवडत नाही. मी अजून जोरानं सांगितलं.

मग साहेबानं टेबलावरचा तिचा रिपोर्ट ओढला. त्याच्यात धूळ लिहिली होती. म्हणे, तो फिर ये क्या लिखा था उसने?

तेव्हा मले समजलं. चहा अर्धाच सोडून आली.

१४ मे
पक्की नाही केली. अजून सहा महिने तशीच. लाइनीतलं काम काढून घेतलं, आता ऑफिसात फोनवर बसाचं. साहेब तिले म्हणे, नासमझी माफ है, झूठी रिपोर्ट नहीं.

संध्याकाळी आली. मी भिंतीकडं तोंड करून बसली होती. वाटलं, आता बोलन. बोलली असती तं मी ऐकून घेतलं असतं, एक शब्द उलट नसता बोलला. तिनं बॅग ठेवली, हातपाय धुतले, माह्याजवळ येऊन बसली. म्हणे आजी, काल एवढ्या धूप में सुपेल्याले गेली कशानं?

म्हटलं, पायी.

म्हणे, ऑटो करना था ना. अन् माह्या पायाले हात लावून पाहिला, सूज आहे का.

नरेश दारात उभा होता. मी जेवली नाही, तं तिनं ताट आणून पुढं ठेवलं.

आता ती झोपली. मी विचार करून राहिली होती, साहेबाची बायको विहाराच्या रस्त्यानं भाजी घ्याले येते म्हणतात. बाई बाईले समजते. उद्या सकाळी तिले गाठून नीट समजावून सांगितलं तं... चपला दारासमोर काढूनही ठेवल्या.

मग उचलून आत, पलंगाखाली सारल्या.

उद्या मी कुठीच जात नाही.